राजांची दरी, लक्झर: दोन तासांत उरकू नका, सेतीचं तिकीट वेगळं काढा

आधी कोण लिहितंय ते सांगते. वेंगुर्ल्याजवळ माझ्या माहेरी गणपतीची शाळा आहे. अण्णा (माझे वडील, वय ७१) पन्नासेक वर्षं मूर्ती करतायत आणि मी लग्न होऊन रत्नागिरीला गेले तरी दरवर्षी चतुर्थीआधी महिनाभर रंगकामाला माहेरी येतेच. सोवळं, शेला, दागिने सगळं मी रंगवते, पण डोळ्यांची आखणी अजून अण्णाच करतात, तिथे दुसऱ्या कोणाला ब्रश लावू देत नाहीत. तर गेल्या डिसेंबरात मी, नवरा आणि अण्णा इजिप्तला जाऊन आलो. पिरॅमिड, क्रूझ वगैरेवर सगळेच लिहितात, मी फक्त राजांच्या थडग्यांबद्दल लिहितेय, कारण तिथे आम्ही दोन दिवस लागोपाठ गेलो आणि दोन्ही दिवसांत जमीन अस्मानाचा फरक पडला.

आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो. टूरवाल्याचं नाव देत नाही, बाकी व्यवस्था चांगली होती, जेवणखाण, हॉटेल कशाचीच तक्रार नाही. पण कार्यक्रमपत्रिकेत 'व्हॅली ऑफ द किंग्ज, दोन तास' असं लिहिलेलं आणि प्रत्यक्षात मिळाले पावणेदोन, आणि त्याच दिवशी अलाबास्टरच्या दुकानात आम्हाला पूर्ण एक तास बसवून ठेवलं. इतके पैसे भरून, इतक्या लांब येऊन, तीन हजार वर्षांपूर्वीच्या कामाला पावणेदोन तास आणि फुलदाण्यांच्या दुकानाला एक तास, हे मला अजूनही पटलेलं नाही.

जागा नाईलच्या पश्चिम काठाला, डोंगरांच्या बेचक्यात आहे. गवताची काडी नाही, नुसता पिवळा चुनखडीचा दगड. आमच्याकडे डोंगर म्हटलं की डोळ्यासमोर हिरवं येतं, इथे तो रंगच नाही. साधारण साडेतीन ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे त्यांच्या १८व्या ते २०व्या घराण्यातल्या राजांसाठी डोंगर पोखरून ही थडगी केलीयत, साठाच्या वर आहेत. आत शिरल्याशिरल्या एका हॉलमध्ये दरीचं पारदर्शक मॉडेल ठेवलंय, जमिनीखाली कुठलं थडगं कुठून कुठे जातं ते त्यात दिसतं, तिथे पाच मिनिटं काढा, पुढे उपयोग होतो. मग छोट्या बॅटरीच्या गाडीतून वर नेतात.

साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात, जी उघडी असतील त्यांतली कुठलीही तीन. तुतानखामुन, सेती पहिला आणि रामसेस पाचवा-सहावा (दोघांचं एकच थडगं) या तीन थडग्यांना वेगळं तिकीट, आणि ते साध्या तिकिटाच्या वर. आणखी एक गोष्ट आमच्या ग्रुपमध्ये कोणालाच माहीत नव्हती, गाइडला थडग्यात आत शिरून माहिती सांगायची परवानगी नाही. तो बाहेर उन्हात बोर्ड दाखवून सांगतो, मग आपण आपलं आत जायचं. त्यामुळे बाहेर नीट ऐकून घ्या नाहीतर आत गेल्यावर नुसती चित्रंच चित्रं आणि कळत काही नाही.

पहिल्या दिवशी आम्ही पोचलो साडेआठला, त्याच वेळेला सगळ्या बसेस येतात. रामसेस नववा गेटच्या जवळ म्हणून सगळे आधी तिकडेच, आणि आत अंगणेवाडीच्या जत्रेला असते तशी रांग, पुढच्याच्या पाठीला आपलं पोट. बाहेर हवा थंड होती पण आत घामाच्या धारा, श्वास कोंडतो, आणि दोन्ही बाजूंच्या काचांवर लोकांच्या हातांचे तेलकट ठसे. अण्णा मला म्हणाले की पावसातून भिजून आलेल्या माणसाला आपण शाळेत रंगाजवळ येऊ देतो का? खरंच नाही देत. आमच्याकडे श्रावणात रंग ओला असताना कोणी छत्री झटकत आत आलं तर अण्णा त्याला पडवीतच थांबवतात. ओल काय करते ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, भिंतीला दिलेला रंग दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. आणि इथे बाहेर वर्षानुवर्षं पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून तर हे रंग टिकलेत, आणि आता रोज हजारो माणसं ती ओल आपल्या घामातून नि श्वासातून आत घेऊन जातात. त्या हजारांत आम्हीही होतो. ते मला दिवसभर लागून राहिलं.

तुतानखामुनबद्दल. सगळ्यांना तेच बघायचं असतं आणि बरेच जण 'एवढंसंच?' म्हणत बाहेर येतात. खरंच लहान आहे, चार खोल्या, त्यातली एकच रंगवलेली. हा राजा अचानक, तरुणपणी गेला, त्यामुळे मोठं थडगं तयार नव्हतं असं मानतात. होवर्ड कार्टर या इंग्रज संशोधकाला ४ नोव्हेंबर १९२२ ला याची पहिली पायरी सापडली, आणि इतकी वर्षं ते चोरांपासून वाचलं त्याचं कारण शेजारी वरच्या अंगाला रामसेस सहाव्याचं थडगं खोदताना निघालेला दगडगोटा आणि कामगारांच्या झोपड्या याच्या तोंडावर आल्या. आतल्या पाच हजारांवर वस्तू आता कैरोजवळ गिझाला आहेत, सोन्याचा मुखवटा धरून, पण राजा स्वतः अजून इथेच आहे, काचेच्या पेटीत, पांढरी चादर, बाहेर फक्त काळा चेहरा नि पावलं. मला तिथे हात जोडावेसे वाटले, जोडले.

आणि भिंतीवर सगळीकडे तपकिरी ठिपके. अण्णा कठड्याला टेकून बघत होते, एकदम म्हणाले, "बुरशी धरली हा गो." नंतर हॉटेलवर वाचलं तर खरंच ती सूक्ष्मजीवांची वाढ आहे, १९२२ नंतर कार्टरच्या वेळी काढलेल्या फोटोंतही ते ठिपके आहेत, आणि गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने इथे २००९ ते २०१९ काम केलं त्यात कळलं की ती केव्हाच मेलीय, आता वाढत नाही. घाईत थडगं बंद केलं, गिलावा नि रंग पुरते सुकले नव्हते, असा एक अंदाज आहे. अण्णांना हे वाचून दाखवल्यावर ते नुसते मान हलवत होते, कारण माती आतून ओली असताना वरून रंग चढवला की मूर्तीला अगदी हेच होतं आणि चतुर्थी जवळ आली की घाई सगळ्यांनाच होते.

रामसेस चौथा आणि तिसरा त्या दिवशी कसे बघितले ते आठवत पण नाही. खाली बसची वेळ झाली म्हणून फोन वर फोन. अण्णा बाकावर बसले आणि काहीच बोलेनात. शेवटी म्हणाले की रेघ बघायला मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपला फुग्यातून फेरी आणि पपायरसचं दुकान होतं. आम्ही तिघांनी ते सोडलं आणि स्वतःच परत गेलो. या रिव्ह्यूतलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे: लक्झरला एक दिवस स्वतःच्या हातात ठेवा. लक्झर मंदिरासमोरून लोकांची साधी फेरीबोट पलीकडे जाते, अगदी कमी पैशांत, आपल्या रेवस-भाऊच्या धक्क्यासारखी, पहाटे कामाला जाणारी माणसं, सायकली, भाजीच्या पाट्या. पलीकडे टॅक्सी मिळते, भाव आधी ठरवा. गेट सकाळी ६ ला उघडतं आणि आम्ही उघडायच्या आधी उभे होतो. तिकिटाला कार्ड लागतं, रोख घेत नाहीत, आमच्या पुढचं एक जोडपं त्यामुळे अडकलं. दर सारखे बदलतात म्हणून इथे आकडे देत नाही, निघण्याआधी त्यांच्या सरकारी साइटवर बघा. सेतीचं तिकीट साध्या तिकिटाच्या दुपटीहून जास्त आहे, ऐकून नवरा जरा थांबला, पण काढलं.

तर सेती पहिला. पाच पैकी पाच, आणि सहा असते तर सहा. हा रामसेस दुसऱ्याचा बाप, इ.स.पू. १२७९ च्या सुमारास गेला. १८१७ मध्ये बेल्झोनी नावाच्या इटालियन माणसाने हे थडगं उघडलं. लांबी सुमारे १३७ मीटर आणि सगळं उतरत्या पायऱ्या नि उतार. जिन्यांना लाकडी फळ्या नि कठडे आहेत, अण्णा गुडघ्याला पट्टा बांधून, प्रत्येक खोलीत थांबत थांबत उतरले, वर यायला पाऊण तास घेतला, पण जमलं. सकाळी सव्वासहा ते आठपर्यंत आत आम्ही तिघे, दोन जपानी बायका आणि राखणदार. बस्स. हवा कोरडी, थंड. आपल्या पावलांचा आवाज ऐकू येतो.

तोंडापासून शेवटपर्यंत पूर्ण नक्षी केलेलं या दरीतलं हे पहिलं थडगं, आणि नुसतं रंगवलेलं नाही, आधी दगडात उठाव कोरून त्यावर रंग. देवीच्या अंगावरच्या वस्त्राची जाळी, राजाच्या पोटऱ्यांवरचा पारदर्शक कपडा, एकेक मणी. निळा इतका ताजा की वाटतं काल लावलाय. तो निळा खाणीतला नाही, वाळू, चुना, तांब्याची माती नि खार एकत्र भाजून बनवायचे, माणसाने बनवलेल्या सगळ्यात जुन्या रंगांतला तो एक. तांबडा मात्र आपला गेरूच, पिवळी ती पिवडी, काळं म्हणजे काजळी, आणि बांधायला झाडाचा डिंक. अण्णांच्या लहानपणी आमच्या शाळेत पण हेच चार डबे असायचे.

तिथला राखणदार वयस्कर, पायघोळ झगा घातलेला. त्याला मराठी येत नाही, अण्णांना अरबी नाही, पण अण्णा उठावावर नाक लावून बघतायत हे त्याने पाहिलं आणि खिशातली बॅटरी काढून भिंतीला चिकटवून आडवी धरली. एकदम सगळा उठाव वर आला, बोटांची नखं, कानाची पाळी. मूर्ती घासून झाली की आम्ही बल्ब असाच आडवा धरून बघतो, खड्डा राहिला असेल तर सावली पडते. अण्णा त्याच्याकडे बघून हसले, तो पण हसला. बक्षिसी मागतात अशी सगळे तक्रार करतात, खरं आहे, मागतात, पहिल्या दिवशी एकाने हातात पुठ्ठ्याचा पंखा देऊन पैसे मागितले तेव्हा मलाही राग आला होता. पण या माणसाला आम्ही आनंदाने दिले.

आणि मग ती खोली. खांबांच्या पहिल्या दालनाला लागून पुढे एक खोली आहे, दोन खांबांची, तिथे कोरलेलं काहीच नाही, नुसत्या रेघा. म्हणजे चित्र आखून झालंय, कोरणारा यायचाय, आणि तो आलाच नाही. बेल्झोनीने तिला ड्रॉइंगची खोली म्हटलं होतं. पांढऱ्या भिंतीवर आधी तांबड्याने कच्चं आखलेलं, त्यावर काळ्याने पक्कं. साप, होड्या, पाताळातल्या रात्रीचे तास, देवांच्या रांगा. बरेच टुरिस्ट ही खोली अर्धवट म्हणून अर्ध्या मिनिटात सोडतात, त्या जपानी बायकाही डोकावून गेल्या. अण्णा तिथे पस्तीस मिनिटं होते.

बोटाने हवेत रेघ ओढत मला दाखवत होते, इथे खांद्यापासून कोपरापर्यंत, "तेनी हात उचलूक नाय. एका दमात मारल्यान." दुसरीकडे तांबडी रेघ एका जागी आणि काळी जरा आत, म्हणजे चुकलेलं नंतर सुधारलंय, "ह्यो शिकणारो, आणि ह्यो तेचो मास्तर." मी इतकी वर्षं डोळ्यांची आखणी बघतेय, अण्णा श्वास रोखून ब्रश टेकवतात, वरची पापणी नाकाकडून सुरू करून कानाकडे बारीक करत सोडून देतात, आणि इथे राजाच्या डोळ्याची रेघ तशीच कानाकडे सुटत गेलेली. टोकाला ब्रशमधला रंग संपत आल्यासारखी फिकी होते ते सुद्धा दिसतं. तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचं मनगट कसं फिरलं ते समोर दिसत होतं. अण्णांचे डोळे भरले होते आणि माझेही.

त्यांची मापाची पद्धत पण नंतर वाचली. उभ्या माणसाला तळव्यापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोन, आणि चौकोन आखायला दोरी गेरूत बुडवून भिंतीवर ताणून सोडायची. म्हणजे सरळ सूत मारायचं, आपले सुतार अजून मारतात तसं.

खाली शेवटच्या दालनाचं छत कमानीचं, गडद निळं आणि त्यावर पिवळ्यात नक्षत्रं, बैल, पाणघोडा, त्याच्या पाठीवर मगर. राजाची दगडी पेटी मात्र तिथे नाही, ती लंडनला सर जॉन सोन यांच्या म्युझियममध्ये आहे, १८२४ मध्ये त्यांनी दोन हजार पौंडांना घेतली. आणि अजून एक गोष्ट, जी बघून जीव तुटतो: भिंतीत मध्येच उघडे दगड आहेत जिथून चित्रं कापून नेलीयत. ज्याने त्यांची लिपी उलगडली त्याच शांपोलियोंच्या १८२८-२९ च्या मोहिमेत दोन मोठे तुकडे कापले, एक पॅरिसला लूव्रमध्ये, एक फ्लॉरेन्सला. आणि बेल्झोनी नि नंतरच्या लोकांनी ओले ठसे घेताना बराच रंग उचलला गेला. परत ओलच. ज्या माणसाला हे वाचता येत होतं त्याने करवत लावावी हे अण्णांना काही केल्या समजेना, मलाही समजत नाही.

त्यानंतर रामसेस सहावा. उतरायला सोपा, सरळ लांब उतार, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर हे नक्की घ्या. छतावर नूत ही आकाशाची देवी दोनदा, पाठीला पाठ लावून, संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी जन्म देते. मान दुखेपर्यंत बघितलं. रामसेस तिसरा साध्या तिकिटावर परत नीट बघितला, त्यात मध्येच बोगदा उजवीकडे सरकतो, कारण खोदताना शेजारच्या जुन्या थडग्यात भगदाड पडलं आणि वाट बदलावी लागली. आदल्या दिवशी मी तिथूनच चालत गेले होते आणि हे दिसलंच नव्हतं.

वेळ असेल तर दैर अल-मदिना सोडू नका, दरीपासून जवळच आहे. ही थडगी करणाऱ्या कारागिरांचं गाव. घरांचे पाये अजून आहेत, आमच्या वाडीतल्या घरांसारखी खेटून खेटून. पगार धान्यात मिळायचा, दिव्याच्या वाती मोजून दिल्या जायच्या आणि त्यांचा हिशोब लिहिला जायचा. रामसेस तिसऱ्याच्या २९व्या वर्षी धान्य थकलं तेव्हा या लोकांनी हत्यारं ठेवली आणि देवळामागे जाऊन बसले, लेखी नोंद असलेला जगातला पहिला संप हाच म्हणतात. माझे काका परळच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपात गावी आले ते परत गेलेच नाहीत, मग अण्णांच्या हाताखाली माती मळायला बसले. अण्णा त्या घरांच्या ओळीत बराच वेळ उभे होते. तिथली सेन्नेजेम या कारागिराच्या थडग्याची खोली अगदी छोटी, पिवळी धमक, पायऱ्या फार खड्या म्हणून अण्णा वरच थांबले, मी फोटो काढून आणून दाखवले. फोनने फोटो काढायला वेगळे पैसे नाहीत, फ्लॅश मात्र बंद ठेवा.

कैरोला परत आल्यावर फुस्तातच्या म्युझियममध्ये (तिथे २०२१ पासून राजांच्या ममी आहेत) सेतीचा चेहरा बघितला. शांत झोपल्यासारखा. आधी थडगं आणि मग चेहरा हा क्रम आम्हाला योगायोगाने मिळाला पण तुम्ही मुद्दाम तसा ठेवा. शेजारी मुलगा रामसेस दुसरा, त्याच्या नाकात काळी मिरी सापडली होती, नाकाचा आकार राहावा म्हणून भरलेली. हे मी वाचून दाखवल्यावर अण्णा जोरात म्हणाले, "अगो ह्यां तर आपलां मिरी!" आणि बरोबरच आहे, ते आपल्याच किनाऱ्याचं पीक, केरळपासून आमच्या परड्यातल्या पोफळीवर चढलेल्या वेलापर्यंत. सगळे वळून बघायला लागले तरी अण्णांना काही वाटलं नाही.

बाकी कामाचं थोडं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पाणी सोबत न्या, आत दुकान आहे पण महाग. टॉयलेट खालीच उरकून घ्या. गेटजवळच्या विक्रेत्यांना नको असेल तर एकदाच 'ला शुक्रन' म्हणून चालत राहा. काचेला, भिंतीला पाठ-पिशवी घासू देऊ नका, सॅक पोटावर घ्या. तुतानखामुनचं थडगं गर्दीत बघायचं नसेल तर कार्टरच्या घराजवळ त्याची हुबेहूब प्रतिकृती आहे, २०१४ पासून, तिथे निवांत जवळ जाऊन बघता येतं आणि खऱ्या भिंतींना आपली ओल लागत नाही, आम्हाला ती मनापासून आवडली.

एक राहिलं. राणी नेफर्तारीचं थडगं, राण्यांच्या दरीतलं, आम्ही गेलो तेव्हा बंद होतं. अण्णांनी पुढच्या डिसेंबरचं आत्ताच ठरवून टाकलंय, त्यासाठी यंदा मूर्ती दहा कमी घेणार म्हणतायत. हल्लीच कोणी जाऊन आलं असेल तर ते उघडलं का आणि आत पायऱ्या किती खड्या आहेत तेवढं कळवा.